उघड्यावरून मोकळ्यावर

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबई व रायगडचा किनारा यांमधील अंतर सुमारे एका तासावर आले. गाडीसह बोटीत चढावे, वरच्या मजल्यावर वाऱ्याला तोंड देत उभे राहावे आणि थोड्याच वेळात समोर मांडव्याची किनारपट्टी दिसू लागावी, अशी ही सुखाची वाट आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे अलिबाग, पेण, रोहा, महाड या गावांशी व्यापाराच्या निमित्ताने जुने नाते आहे. त्यामुळे हा किनारा वाचकांना नवा नाही. माझीही नोकरीतील काही वर्षे या जिल्ह्यात गेली. आज मात्र तो एका वेगळ्या प्रवाशाच्या दृष्टीने पाहावा असे वाटते. रात्री परतण्यासाठी ज्यांना स्वतःचे घर नाही, अशा स्त्रीच्या आणि अशा मुलाच्या दृष्टीने.

भाऊच्या धक्क्यापासून भायखळा फार दूर नाही. १९८४ साली स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांमध्ये काम सुरू केले आणि १९८६ मध्ये त्या स्त्रियांचेच 'महिला मिलन' उभे राहिले. रोजच्या मिळकतीतून थोडी थोडी बचत बाजूला काढणे, ती एकत्र सांभाळणे आणि अडल्यानडल्यास एकमेकींना कर्ज देणे, हा त्यांच्या कामाचा पाया. ज्या बाईजवळ पत्त्याचा एकही कागद नाही, तिच्यासाठी बँकेचे दार किती जड असते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. त्यामुळे पदपथावर बसून हिशेब चोख ठेवणाऱ्या त्या स्त्रियांविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर माणसांची वेगळी मोजणी झाली. देशभरात त्यांची संख्या १७ लाख ७० हजारांच्या पुढे भरली. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होते आणि ५७ हजारांहून अधिक एकट्या मुंबईतील. एका रात्रीत, पुलाखाली आणि दुकानांच्या फळ्यांवर झोपलेल्या माणसांची ही मोजणी. तिच्यातून निसटलेले किती असतील, याची कल्पना कोणीही करू शकेल.

या स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी डोंगर, समुद्र, दोर, होडी यांचा उपयोग करून मनाला उभारी देण्याचे काम जगात काही ठिकाणी चालते. त्याला साहसोपचार म्हणता येईल. हा विषय मी प्रथम ऐकला तेव्हा, व्यवहारी माणसाच्या मनात येतो तोच प्रश्न माझ्याही मनात आला. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, त्यांना आणखी उघड्यावर नेऊन काय साधणार? आभाळ, वारा, पाऊस हे तर त्यांच्या वाट्याला गरजेहून अधिक आलेले असतात.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेतच दडलेले आहे. मराठीत 'उघड्यावर' असणे वेगळे आणि 'मोकळे' होणे वेगळे. उघड्यावर असलेल्या माणसाला कोणीही पाहू शकते, हटकू शकते, मध्यरात्री उठवू शकते; जागा त्याची नसते आणि वेळही त्याची नसते. मोकळ्यावर गेलेला माणूस स्वतःच्या इच्छेने जातो, स्वतःच्या इच्छेने परततो आणि परतण्याची जागा त्याला ठाऊक असते. दोघांच्या डोक्यावर आभाळ एकच. परंतु एकाला ते छळते आणि दुसऱ्याला विसावा देते. उघड्यावरून मोकळ्यावर नेणे, एवढेच या उपचाराचे सार आहे, असे माझे मत झाले आहे. रायगडच्या किनाऱ्याने हे मला पावलोपावली शिकवले.

या विचाराचा उगमही एका समुद्रकिनारी आणि एका व्यापाऱ्याच्या साहाय्याने झाला. कुर्ट हान हे जर्मन शिक्षक. नाझी राजवटीने १९३३ मध्ये त्यांना अटक केली. सुटकेनंतर देश सोडून त्यांना ब्रिटनमध्ये आश्रय घ्यावा लागला. स्वतः घराला पारखा झालेला हा माणूस. पुढे दुसऱ्या महायुद्धात जहाजे बुडू लागली, तेव्हा लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या ध्यानात एक गोष्ट आली. जीवनरक्षक होड्यांमध्ये अंगाने धट्टेकट्टे तरुण खलाशी धीर सोडतात आणि मुरलेले वयस्क खलाशी तग धरतात, असे त्यांचे निरीक्षण होते. शरीरबळापेक्षा 'मी यातून निघू शकतो' हा अनुभव मोठा, असा त्याचा अर्थ. हान आणि होल्ट यांनी १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोवी येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेले जहाज, हा त्या नावाचा अर्थ. जहाजाला बंदर सोडता येते, कारण त्याला बंदर असते, हे मात्र विसरता कामा नये.

मांडव्याहून अलिबागकडे येताना चोंढीच्या परिसरात सोगाव लागते. तेथे एसओएस बालग्राम आहे. या चळवळीची सुरुवात हर्मन ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील इम्स्ट या गावी, युद्धाने अनाथ केलेल्या मुलांसाठी केली. आई, भावंडे, घर आणि गाव ही तिची चार तत्त्वे. मोठ्या दालनात रांगेने खाटा मांडण्याऐवजी एका घरात एक आई आणि काही मुले राहतात. अशी अनेक घरे मिळून एक गाव होते. येथे मुलांना घर मिळते आणि आई होणाऱ्या स्त्रीलाही घर मिळते. साहसाविषयी लिहिताना मी या जागेचा उल्लेख मुद्दाम आधी करीत आहे, कारण घराचा क्रम पहिला आहे. ज्या मुलाला संध्याकाळी कोणाच्या ताटाशेजारी बसायचे हे ठाऊक आहे, तेच मूल सकाळी लाटेत पाय घालण्याचा आनंद घेऊ शकते.

तेथून जवळच किहीम. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव या गावाशी जोडलेले आहे. १८९६ साली जन्मलेल्या सलीम अलींचे वडील ते वर्षाचे असताना गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामांनी त्यांना वाढवले. बर्लिनला पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९३० मध्ये परतले, तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झाली होती. हाताला काम नाही अशा अवस्थेत ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांच्या विणीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्याच अभ्यासाने त्यांना कीर्ती दिली.

सुगरण पक्ष्याची रीत मोठी बोधप्रद आहे. नर घरटे अर्धेच विणतो आणि थांबतो. मादी येते, आत डोकावते, विण तपासते. तिला पसंत पडले तरच घरटे पूर्ण होते. नाही तर ते तसेच लोंबत राहते. घर केवळ बांधून भागत नाही, राहणारीची पसंती लागते. बेघर स्त्रियांसाठी आपण जे काही करतो, त्यात तिची पसंती विचारण्याची पायरी बहुधा गाळलेली असते. कोणत्या निवाऱ्यात राहावे, काय खावे, कोणते कपडे घालावेत, हे सारे देणारा ठरवतो. वर्षानुवर्षे 'नको' म्हणण्याची संधीच न मिळालेली स्त्री हळूहळू 'हवे' म्हणणेही विसरते.

म्हणूनच साहसोपचारातील एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर' या उपक्रमाने तो रूढ केला. दोरावर चढायचे की नाही आणि चढलेच तर कोठपर्यंत, हे चढणाऱ्याने ठरवायचे. चार फुटांवरून परत येणाऱ्याला कोणी हसायचे नाही आणि वर जाण्याचा आग्रह करायचा नाही. खाली उभा असलेला साथीदार दोर धरून असतो. माझ्या जुन्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर तो जामीनदार. वर गेलेल्याचा पाय घसरला, तर भार त्याने पेलायचा. ज्या स्त्रीच्या आयुष्यात कोणीही जामीन राहिलेले नाही, तिला हा भार पेलणारा हात प्रत्यक्ष जाणवतो. आणि पुढच्या पाळीला तीच दुसऱ्या कोणाचा दोर धरते, तेव्हा तिला स्वतःचीही किंमत कळते.

किहीमहून थळमार्गे अलिबागला यावे आणि पुळणीवर उभे राहावे. समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६८० साली तो बांधावयास घेतला. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाला आणि १७२९ मध्ये कान्होजींचे निधनही येथेच झाले. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. भरतीच्या वेळी हा किल्ला बेट असतो; ओहोटीला चालत जाता येते, पाणी थोडेफार असेल तर घोडागाडीने जाता येते.

येथील कोळी बांधव भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी-नंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या आपल्या घरांतून तिथी पाठच असते. त्यामुळे हे गणित आपल्याला सहज जमेल. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी खूप मागे हटते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीमुळे ते फारसे हटत नाही. म्हणून केवळ वेळ पाहून चालत नाही, पाणी किती उतरेल हेही पाहावे लागते आणि निघण्यापूर्वी स्थानिक माणसाला विचारावेच लागते.

एका हिवाळ्यात, चतुर्थीच्या सकाळी, मुंबईतील एका निवाऱ्यातून आलेल्या बारा-पंधरा स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासोबत मी हा किल्ला पाहिला. त्यांना घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्या माझ्या परिचयाच्या होत्या आणि किल्ल्याची माहिती सांगण्यासाठी त्यांनी मला बोलावले होते. ओल्या वाळूवरून चालताना एक बाई वारंवार मागे वळून किनाऱ्याकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी मला विचारले, "काका, परत कधी निघायचं?" मी म्हणालो, "साडेदहाच्या आत किनारा गाठायचा, ताई. त्यानंतर पाणी चढायला लागतं." त्यांनी मान डोलावली, आणि मग मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. परतीची वेळ पक्की आहे, हे कळताच त्यांची चाल बदलली. पुढे तटाच्या पायऱ्यांवर त्याच सर्वांत आधी चढल्या.

किल्ल्यात एक सात-आठ वर्षांचा मुलगा झाडाच्या सावलीत आडवा झाला आणि थोड्या वेळाने त्याने मला विचारले, "इथं झोपलं तर कुणी उठवतं का?" मी 'नाही' म्हटले. तो डोळे मिटून पडून राहिला. किल्ल्याच्या इतिहासाची मी जुळवून आणलेली माहिती मग सांगावीशी वाटली नाही. आपण ज्याला सहल म्हणतो, तिच्यात त्या मुलाला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोणी हुसकावणार नाही अशी अर्ध्या तासाची झोप होती.

कुलाब्याची ही वाट साहसोपचाराचे मूळ सूत्र कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट सांगते. तिच्यात धोका खरा आहे, पण तो मोजलेला आहे. जाण्याची वेळ आहे, परतण्याची वेळ आहे, सोबत जाणकार आहे आणि जायचे की नाही हे जाणाऱ्याच्या हाती आहे. पदपथावरच्या धोक्याला यांपैकी काहीच नसते. तो कोणत्या रात्री, कोणत्या रूपाने येईल हे सांगता येत नाही. न मोजता येणाऱ्या भीतीत वाढलेल्या जिवाला एकदा मोजता येणारी भीती पार करू दिली, तर मनातील भीतीचा आकारच बदलतो.

मुलांच्या बाबतीत असा मोठा प्रयत्न याच जिल्ह्यात झालेला आहे, किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मॅथ्यू स्पेसी हे मुंबईत पर्यटन व्यवसायात उच्च पदावर होते. रग्बी खेळताना कडेला उभे राहून पाहणाऱ्या रस्त्यावरच्या मुलांना त्यांनी खेळात घेतले आणि त्यातून १९९९ मध्ये 'मॅजिक बस' ही संस्था जन्मास आली. वस्तीतील मुलांना बसने शहराबाहेर न्यायचे, यावरूनच ते नाव पडले. पुढे कर्जतजवळ संस्थेने निवासी शिबिरांचे केंद्र उभारले. मात्र केवळ सहलीने मुलाचे आयुष्य बदलत नाही, म्हणून संस्थेचा भर पुढे मुलांबरोबर वर्षानुवर्षे, त्यांच्याच वस्तीत, खेळातून शिक्षण देण्यावर गेला. सहल हे दार होते. घर त्याच्या पलीकडे बांधावे लागले.

या विषयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अलिबागहून दक्षिणेस मुरूडचा किनारा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी तेथे सहलीस आलेल्या पुण्यातील एका महाविद्यालयाच्या १४ विद्यार्थ्यांना समुद्राने ओढून नेले. शांत दिसणारे पाणी ओहोटीच्या वेळी कसे खेचते, हे न जाणणाऱ्यांनी किनाऱ्यावर धाडस करू नये. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आखून असे उपक्रम चालवणाऱ्यांसाठी नोंदणी आवश्यक केली, ती योग्यच आहे. जी मुले आधीच बरेच काही गमावून आलेली आहेत, त्यांच्या बाबतीत निष्काळजीपणाला जागाच नाही.

निसर्ग आपोआप मन बरे करतो, असे समजणेही चूक आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. वाचलेल्यांना आधी डोंगराखाली कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहावे लागले. त्याआधी २०२१ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील तळीये गावावर असाच घाला पडला होता. ज्या मुलाचे घर डोंगराने नेले, त्याला डोंगर दाखवून 'किती सुंदर' म्हणणे हा उपचार ठरत नाही. त्याला आधी भक्कम घर, नंतर ओळखीचा माणूस, आणि मग, त्याने स्वतःहून विचारले तरच, डोंगराची वाट. क्रम उलटला की औषधाचे विष होते.

आता आपल्याविषयी. दानधर्मात आपला समाज मागे नाही. आपल्या परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पहिल्या तीन दानांच्या पावत्या फाडता येतात. अन्नछत्र, दवाखाना, शिष्यवृत्ती यांच्या पाट्याही लावता येतात. चौथे दान मात्र कोणत्या खात्यावर लिहावे, हे सहसा सुचत नाही. प्राणिमात्रास अभय देण्याचा विचार आपण पांजरपोळापर्यंत नेला. पदपथावरच्या आईला आणि तिच्या मुलाला काही तासांचे अभय देणे हा त्याच विचाराचा विस्तार आहे, असे मला वाटते.

ते प्रत्यक्षात कसे करावे, यासाठी चार गोष्टी सुचवतो. पहिली, निवारा आधी. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तास चालणारा निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले आहे. आपल्या गावात तो आहे का, तेथे स्त्रियांसाठी वेगळी आणि कुलूप लागणारी जागा आहे का, हे आपण विचारू शकतो. दुसरी, बेघर मुलांबरोबर काम करणाऱ्या अनुभवी संस्थेमार्फतच जावे, परस्पर मुले गोळा करून नेऊ नयेत. एकटे, संकटात सापडलेले मूल दिसल्यास १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कळवावे. पुढचा निर्णय बालकल्याण समितीचा असतो. तिसरी, छायाचित्रे काढू नयेत आणि फलक धरायला लावू नयेत. ज्या स्त्रीला सदैव लोकांच्या नजरेत राहावे लागले, तिला निदान त्या दिवशी नजरेआड राहता आले पाहिजे.

चौथी गोष्ट बँकेच्या अनुभवातून सांगतो. एका हिवाळ्यात एकदा मोठी रक्कम देऊन शंभर मुलांना किनारा दाखवणे सोपे असते, पण त्या मुलांना पुन्हा कोणी येत नाही हेच त्यातून कळते, आणि ते तर त्यांना आधीपासून ठाऊक असते. त्यापेक्षा दहाच मुले आणि त्यांच्या आया निवडाव्यात, पण तीन वर्षे, दर पावसाळ्यानंतर, त्याच सोबत्यांसह न्यावे. आपल्या समाजातील तरुणांनी पैसे देऊन न थांबता दोर धरायला स्वतः यावे. एकरकमी ठेवीपेक्षा येथे आवर्ती ठेव बरी. आणि प्रत्येक वेळी मांडव्याहून परतीची बोट सुटण्यापूर्वी, पुढच्या खेपेची तिथी सर्वांसमोर ठरवून टाकावी.